प्लस बॉडीला

ब्रेक दाबला की वायपर हलतो.
डावा इंडिकेटर दिला की हॉर्न, तोही अर्धाच,
कुणी घसा खाकरावा तसा.
"आणि उजवा?" मी विचारलं.
"उजवा लागतच नाही," आरवाडे म्हणाले,
"विश्रामबागेतनं इथवर सगळी वळणं डावीच घेतली."

लाल, बुटकी, दोन माणसांची गाडी.
वर टप नाही. बसायचं म्हणजे घंगाळात उतरायचं.
सुकुमार आरवाडेंच्या वडिलांनी ती घेतली
कुठल्याशा संस्थानिकाच्या मेव्हण्याकडून,
हळदीला भाव होता त्या साली.
भाव उतरला तशी ती गोदामात गेली,
पोत्यांच्या मागं, तीस वर्षं.
मधे एकदा कृष्णामाईही येऊन बसली तिच्यात,
दोन्ही सीटांवर.

डॅशबोर्डखाली उताणा शिरलो.
पाठीला पोतं, दातांत टेस्ट लॅम्पची क्लिप,
डोळ्यांत वरून भुरुभुरु गाळ.
कापडी विणीच्या वायरी. कंपनीनं रंग दिले होते कधीकाळी:
तपकिरी बॅटरीची, पांढरी इग्निशनची,
हिरवी फ्यूजच्या पुढची, काळी अर्थ.
आता सगळ्या हळदीच्या.
हळदीच्या दिवशी मांडवातली माणसं दिसतात तशा,
कोण कुणाकडची, पत्ता लागत नाही.

दस्तगीरचाचा म्हणायचे,
"जुन्या विलायती गाडीत प्लस बॉडीला असतो, बेटा.
सगळी दुनिया मायनसवर उभी, ही एकटी उलटी.
तिला सुलटी करायला जाऊ नकोस. तू उलटा हो."
झालो. पाय सीटवर, डोकं क्लचपाशी.

फ्यूज दोनच. एकाच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
एक कनेक्टर उघडला तर आत नदी, वाळलेली,
आणि तिळाएवढा शिंपला.
तो पुसून वरच्या खिशात टाकला. का, माहीत नाही.

अडीच तासांनी बोटाला गाठ लागली.
तीन वायरी पिळून एकत्र, सोल्डर नाही,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी,
तिचं टोक उलट्या बाजूनं खोचलेलं,
डावखुरा खोचेल तसं.

मी डावखुरा.

चाचा नमाजला गेलेले. मी सोळाचा, दहावी नापास.
थोरले आरवाडे हातातलं घड्याळ बघत उभे,
माधवनगरला कुणाच्या तरी वरातीत गाडी न्यायची होती.
पिळलं, गुंडाळलं, "झालं" म्हणालो.
दिवे लागले.
पाच रुपये मिळाले, वर भडंगाची पुडी.
चाचांना मी भडंग दिलं, जोडाचं सांगितलं नाही.

तुटली असती तर तेव्हाच कळलं असतं.
ती तुटली नव्हती, टेकून होती.
नुसती टेकून, इतकी वर्षं.
आणि करंटला परत जायची स्वतःची वाट मिळेना
की तो दुसऱ्याच्या घरातून जातो,
ब्रेकचा वायपरमधून,
इंडिकेटरचा हॉर्नमधून,
कुणाचं काय कुणाच्या तोंडून बाहेर पडतं.

कापली. तांबं काळं ठिक्कर पडलेलं,
मागं मागं सोलत गेलो, लाल लागेपर्यंत.
सोल्डर सोडलं, स्लीव्ह चढवली,
बॉडीवरचा गंज खरवडून बोल्ट आवळला.

"काय निघालं?" आरवाडेंनी चहाचा ग्लास आत सरकवला.
उंदीर म्हणता आलं असतं.
पूर म्हणता आलं असतं; सांगलीत पुरावर काहीही खपतं.
"जुना जोड. कच्चा होता."
"कुणी केलेला काय की."
चहात साखर जास्त होती. सगळा प्यालो.
"मी," म्हणालो.
ते हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय.

बिलात फ्यूज लिहिले दोन, स्लीव्ह, मजुरी.
खाली "अर्थ" लिहिलं
आणि समोरचा रकाना तसाच सोडला.

दिवे लागायच्या सुमारास ते निघाले.
कोपऱ्यावर उजवा इंडिकेटर उघडमीट करू लागला,
थोडा वेळ नुसताच,
मग गाडी वळली, मिरजेच्या बाजूला.
बंद करायला मात्र विसरले.
मारुतीच्या देवळापलीकडं दिसेनाशी झाली
तोवर चालूच होता.